बोलायचंय? माटुंग्याला भेटूया

आमच्या ग्रूपवर कुणी “रविवारी माटुंगा?” एवढंच टाकलं की बाकीच्यांना लगेच कळतं, याला काहीतरी सांगायचंय. नुसतं भेटायचं असेल तर आम्ही कुणाच्या तरी घरी भेटतो, ठाण्याला माझ्याकडे नाहीतर चेंबूरला, पोहे होतात, गाणी लागतात, फोटो निघतात आणि सगळे खुशीत घरी जातात. पण जे घरी बोलता येत नाही आणि फोनवर तर त्याहून नाही, त्यासाठी माटुंगा. आणि माटुंगा म्हणजे तिथली फाइव्ह गार्डनची झाडं आणि बाकडी नव्हेत बरं का, माटुंगा म्हणजे किंग्ज सर्कलजवळचं कॅफे मद्रास, जिथे रविवारी सकाळी आत जागा नसते आणि बाहेर फुटपाथवरही उभं राहायला जागा नसते, शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो आणि अनोळखी माणसाच्या कोपराला कोपर लावून डोसा खावा लागतो.

नवीन माणसाला हे विचित्र वाटतं. माझ्या मुलीला तर फारच. तिचं म्हणणं, मनातलं बोलायला कुणी अशा ठिकाणी जातं का, एखादा शांत कॅफे बघा ना. मी तिला काही बोलले नाही तेव्हा, पण तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे आणि म्हणून हे लिहितेय.

आम्ही सहाजण, माटुंग्याच्या रुईया कॉलेजचे. नावं नकोत, आम्ही एकमेकांना तसंही गावाच्या नावानेच हाक मारतो. डोंबिवलीकर, चेंबूरवाली, विरारवाली, उडुपीकर (हा मुलुंडला राहतो पण मूळचा उडुपीजवळचा), मी ठाण्याची, आणि नायगावकर, जो आता बदलापूरला राहतो तरी नायगावकरच, कारण त्याचं बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं आणि ते नाव काही सुटत नाही. कॉलेजात असताना आमचा अड्डा म्हणजे रुईया नाका. मणीज लंच होममधे एक प्लेट इडली मागवायची आणि सांबार परत परत घ्यायचं, आणि वाढणारेसुद्धा कधी तोंड वाकडं न करता वाढायचे. रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय, युडीसीटी, इतकी कॉलेजं आजूबाजूला, त्यामुळे माटुंग्याच्या हॉटेलांनी किती पिढ्यांची भूक सांभाळलीय ते त्यांचं त्यांनाच माहीत. तेव्हा पैसे नसायचे आणि वेळ भरपूर असायचा. आता उलट आहे, आणि वेळ नसतो म्हणूनच बहुतेक भेटलं की थेट मुद्द्याचं बोलावं लागतं.

पण मुद्द्याचं रांगेत कुणीच बोलत नाही, हे मी नीट पाहिलंय. बाहेर एक माणूस वही घेऊन उभा असतो, त्याच्याकडे नाव लिहायचं, किती जण ते सांगायचं आणि मग वाट बघायची. त्या वेळेत मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलाचं जर्मनीचं अ‍ॅडमिशन, चेंबूरवालीच्या सोसायटीतलं पार्किंगचं भांडण, असं सगळं वरवरचं होऊन जातं. शेजारी गजरेवाल्या बसलेल्या असतात, मोगऱ्याचा आणि आतून येणाऱ्या तुपाचा वास एकत्र येतो, कुणी काकू देवळातून येताना कपाळाला ताजं गंध लावून रांगेत उभ्या राहतात, आणि मधूनच वहीवाला नाव पुकारतो. एवढ्या कलकलाटात, बसचे हॉर्न वाजत असताना, आपलं नाव मात्र आपल्याला बरोब्बर ऐकू येतं. याच्यावर संशोधनसुद्धा झालंय. गर्दीत आपण एकाच आवाजावर लक्ष कसं ठेवतो हे कॉलिन चेरी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५३ मधे प्रयोग करून तपासलं, आणि १९५९ मधे नेव्हिल मोरे याने दाखवलं की ज्या आवाजाकडे आपलं अजिबात लक्ष नाही त्यातही आपलं स्वतःचं नाव आलं तर काही जणांना ते कळतं. वहीवाल्याला हे शास्त्र माहीत असायची गरज नाही, तो एकदाच पुकारतो.

सहाजणांना एका वेळी एक टेबल मिळणं तिथे जवळपास अशक्य. चौघे इकडे, दोघे तिकडे, आणि तिकडच्या दोघांच्या समोर आणखी कुणीतरी दोघे, ज्यांना आपण आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. पहिल्यांदा आलेली माणसं अवघडतात, पर्स मांडीवर घेऊन अंग चोरून बसतात. जुने लोक सरळ बसतात, समोरच्याच्या थाळीकडे बघून “हे काय मागवलंत?” विचारतात, नीर डोसा म्हटलं की मान हलवतात आणि तेच मागवतात. एवढाच संवाद. पुढे ओळख वाढवायची अपेक्षा कुणाचीच नसते.

आत शिरलं की पहिला धक्का आवाजाचा. खाली फरशी, भिंतींना टाइल्स, टेबलं गुळगुळीत, पडदा नाही, गालिचा नाही, आवाज जिरायला कुठे कापडाचा तुकडा नाही, त्यामुळे जो आवाज होतो तो फिरत राहतो. तव्यावर कालथ्याने डोसा खरवडल्याचा आवाज, स्टीलचे पेले टबात टाकल्याचा आवाज, आणि वेटर ऑर्डर लिहून न घेता आतल्या बाजूला ओरडतात तो आवाज, दोन रसम वडा, एक पोडी इडली, एक नाचणी डोसा, तीन कॉफी. आणि या सगळ्यावर माणसं बोलत असतात. गोंगाट वाढला की माणूस आपोआप आवाज चढवतो, ठरवून नाही, आपसूकच. एतिएन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरने १९११ मधे हे मांडलं आणि आजही त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. म्हणजे बघा, शेजारच्या टेबलवाले मोठ्याने बोलतात म्हणून आपण मोठ्याने, आपण मोठ्याने म्हणून पलीकडचे आणखी मोठ्याने, असं करत करत अकरा वाजेपर्यंत त्या हॉटेलात असा एक थर तयार होतो आवाजाचा, की त्याच्या खाली बसून तुम्ही काहीही बोला.

मला नेमकं तेच म्हणायचंय. त्या थराखाली काहीही बोलता येतं.

चेंबूरवालीने तिचं लग्न मोडतंय हे आम्हाला तिथेच सांगितलं. वीस वर्षांहून जास्त संसार, आम्ही सगळे लग्नाला होतो, आमच्या मुलांना तो काका म्हणून माहीत. त्या दिवशी मी आणि ती एका टेबलावर होतो, आणि समोर एक म्हाताऱ्या तमिळ आजी आणि आजोबा, आजींच्या नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, आजोबांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. बाकीचे चौघे मागच्या टेबलावर. डोसा आला आणि तिने पहिला तुकडा मोडला आणि म्हणाली, “मी वेगळी राहणारे.” आणि मग थांबलीच नाही. अडीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं, पैशाचं, सासूचं, एका रात्रीचं, जे मी इथे लिहिणार नाही. रडली नाही पण आवाज चढला होता, चढवावाच लागत होता, आणि मी तिच्याकडे वाकून ऐकत होते आणि ऐकताना जवळ सरकावं लागत होतं म्हणून आम्ही जवळजवळ डोक्याला डोकं लावून बसलो होतो. शांत जागी मी अशी कधी बसले असते तिच्याबरोबर? इतकी वर्षं मैत्री, पण आम्ही काही गळ्यात पडणाऱ्यातल्या नाही.

आजी आजोबा आपले खात होते. उपमा संपवला, कॉफी प्याले, दवऱ्यातून, म्हणजे पेल्याखालच्या वाटीतून, पेल्यात, पेल्यातून दवऱ्यात, सावकाश. उठताना आजींनी चेंबूरवालीच्या ताटाकडे बोट केलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, “डोसा गार झाला बघ तुझा. दुसरा मागव, हा राहू दे.” आणि गेल्या. म्हणजे त्यांना सगळं ऐकू आलं होतं. माटुंग्यात उभा जन्म गेलेल्या बाईला मराठी कळणार नाही असं होऊच शकत नाही. पण त्यांनी ना सल्ला दिला, ना नजर रोखून बघितलं, ना आपलं काही सांगितलं. आम्ही दुसरा डोसा मागवला आणि तो तिने पूर्ण खाल्ला. मला त्या आजींबद्दल आजही फार आदर वाटतो. एका टेबलावर बसून दुसऱ्याचं ऐकूनही त्याचं त्याला ठेवू द्यायचं, हे शिकवून येत नाही, गर्दीत राहून राहूनच अंगात मुरतं.

ही टेबलावर एकत्र बसायची रीत आली कुठून याचा मी थोडा विचार केलाय. १८९६ मधे मुंबईत प्लेग आला, दाटीवाटीच्या वस्त्यांमधून पसरला, आणि मग इंग्रज सरकारने १८९८ मधे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा पट्टा त्यांनी आखला, रुंद रस्ते, बागा, मोजून मापून प्लॉट. पुढे इथे दक्षिणेकडून आलेली माणसं वसली, बँकेत, रेल्वेत, खाजगी ऑफिसांत कारकून, टायपिस्ट, स्टेनो. त्यातले कित्येक आधी एकटेच आले होते, बायको मुलं गावी, आणि एकट्या माणसाला दोन वेळ जेवायला जागा हवी. स्टेशनजवळचं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ मधलं, आजही चालू आहे, जिना चढून वर जायचं, कूपन घ्यायचं आणि जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे केळीच्या पानासमोर बसायचं. अशा बोर्डिंगात जो यायचा तो एकटाच यायचा, त्याचं स्वतःचं असं टेबल कुठून असणार. शेजारी कोण बसलाय हे बघायची पद्धतच नव्हती. पुढे लग्नं झाली, बिऱ्हाडं झाली, माणसं बायका-मुलांना घेऊन हॉटेलात यायला लागली तरी बसायची रीत तीच राहिली.

आणि हे काही फक्त दाक्षिणात्यांचं नाही. नायगावकरची आजी गिरणी कामगारांची खानावळ चालवायची, घरातल्या घरात, पाळी संपली की माणसं यायची आणि ओळीने जेवून जायची. कोकणातनं, घाटावरनं एकटे आलेले गडी. परळ-लालबागला अशा खानावळवाल्या बायका घरोघरी होत्या, प्रेमा पुरव यांनी १९७५ मधे त्यांनाच एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. नायगावकर सांगतो, जेवताना कामगार घरच्या पत्राबद्दल बोलायचे, कुणाची म्हैस मेली, कुणाची बायको बाळंत झाली, आणि आजी वाढता वाढता सगळं ऐकायची आणि कधी कुणाचं दुसऱ्याला सांगायची नाही. ते ऐकलं तेव्हा मला त्या नाकात चमक्या घातलेल्या आजी आठवल्या.

नायगावकरचं घर म्हणजे बीडीडी चाळीतली एकशे साठ चौरस फुटांची खोली. त्यात आजी, आई-वडील, दोन काका, आणि ही चार भावंडं. संडास बाहेर, मजल्यावर सगळ्यांना मिळून. त्याच्या आई-वडिलांनी आपसात काही बोलायचं तर कुठे बोलायचं? घरात सासू, गॅलरीत शेजारी, खाली नाक्यावर अख्खी चाळ. तर त्याचे वडील महिन्यातून एखाद्या वेळी आईला घेऊन हॉटेलात जायचे. मुलांना वाटायचं आई-बाबा मजा करतात, आपल्याला नेत नाहीत. मोठेपणी आईने सांगितलं की गावची जमीन विकायची का नाही, काकांना वेगळं व्हायला सांगायचं का नाही, मुलीचं शिक्षण पुढे चालू ठेवायचं का नाही, हे सगळं त्यांनी हॉटेलात ठरवलं, एक मसाला डोसा दोघांत आणि दोन कॉफ्या. मुंबईतल्या कितीतरी संसारांचे मोठे निर्णय असे उडप्याकडे, इराण्याकडे झाले असतील. घरापेक्षा हॉटेलात जास्त एकांत. हे शहर माणसाला खोली देऊ शकलं नाही तेव्हा निदान हे तरी दिलं.

उडुपीकर हे ऐकून गप्प होता त्या दिवशी. मग त्याने त्याच्या वडिलांचं सांगितलं. ते दहा-बारा वर्षांचे असताना गावाहून आले, हॉटेलात टेबलं पुसायला लागले, हॉटेलातच झोपायचे, रात्री कन्नड रात्रशाळेत जायचे, अशी कितीतरी पोरं होती तेव्हा. पुढे ते काऊंटरवर बसायला लागले. १९६६ मधे शिवसेना निघाली आणि त्यानंतरच्या काळात दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण इतकं तापलं की उडुपी हॉटेलांवर दगड पडले, मोडतोड झाली. लुंगीवरनं केलेल्या घोषणा आपल्यातल्या मोठ्यांना अजून पाठ आहेत. त्याचे वडील तेव्हा शटर अर्ध्यावर ओढून आत बसायचे आणि बाहेरून कुणी नेहमीचं गिऱ्हाईक वाकून आत आलं, बहुतेक मराठीच, तर त्याला कॉफी द्यायचे. मराठी माणसाने हे लक्षात ठेवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या टेबलावर आपण आपली सगळ्यात खाजगी बोलणी केली त्यांनाच आपल्यातल्या काहींनी परकं म्हटलं, आणि तरी ते राहिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत पीठ आंबलंय का बघायला उठले. उडुपीकरने हे इतकी वर्षं आम्हाला सांगितलं नव्हतं. कॉलेजपासूनचा मित्र. तेही त्याने कुठे सांगितलं, तर रसम वडा चमच्याने फोडताना, मागे वेटर तीन कॉफी तीन कॉफी म्हणून ओरडत असताना. कुणीच काही बोललं नाही लगेच. डोंबिवलीकरने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेवढंच.

मधे एकदा आम्ही शांत जागेचा प्रयोगही केला. डोंबिवलीकरच्या पन्नाशीला एका मॉलमधल्या एसी रेस्टॉरंटमधे गेलो, भारतीय जेवणच, छान होतं, वाटीएवढी दाल आणि वर कोथिंबिरीचं एक पान. सोफे मऊ, गाणं बारीक आवाजात, आणि दर तीन मिनिटांनी एक अत्यंत सभ्य मुलगा येऊन विचारायचा, सगळं ठीक आहे ना, अजून काही हवं का. पाण्याचा ग्लास अर्धा झाला की भरायचा. त्याची काही चूक नाही, त्याला तसंच शिकवलंय. पण आम्ही आपोआप हळू आवाजात बोलायला लागलो आणि हळू आवाजात बोलायला लागल्यावर बोलणंही तसंच व्हायला लागलं, सुट्टीत कुठे गेलात, गाडी कोणती घेतली. शेजारच्या टेबलावरचं कुटुंब चांगलं सहा फुटांवर होतं पण त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, म्हणजे आमचाही त्यांना येत असणार. नंतर कळलं की डोंबिवलीकरला त्या दिवशी सांगायचं होतं की त्याची नोकरी गेलीय. नाही सांगितलं. केक कापला आणि घरी गेला. दोन आठवड्यांनी ग्रूपवर मेसेज आला, “रविवारी माटुंगा?”

त्या रविवारी तो म्हणाला, “तिथे बोललो असतो तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं.” कॅफे मद्रासमधे कुणी कुणाकडे बघत नाही, बघायला वेळ नसतो, समोर पोडी इडली असते तुपात भिजलेली आणि मागे रांग उभी असते. बोलणारा बोलत असतानाच खात असतो, ऐकणारेही खात असतात, हात आणि तोंड कामात असतं, आणि त्यामुळे कठीण वाक्यसुद्धा चटणी पुढे सरकवता सरकवता बोलून टाकता येतं. आणि फार वेळ बसता येत नाही हेही बरंच. रांग बघितली की अर्ध्या पाऊण तासात उठावंच लागतं, त्यामुळे घोळ घालत बसायची सोय नाही. जे सांगायचं ते सांगून टाकायचं, मग बाहेर पडून किंग्ज सर्कलच्या बागेला एक चक्कर मारायची, किंवा फ्लायओव्हरखाली महापालिकेने जी लांबलचक बाग केलीय, नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेत जाणारी, त्यातून चालायचं, दोन्ही बाजूंनी गाड्या धावत असतात आणि मधे आपण. उरलेलं तिथे.

इतकं सगळं जमून आलेलं असताना गेल्या वर्षापासून एक अडचण झाली. विरारवाली.

ती नेहमी ऐकणारी. सगळ्यांचं सगळ्यात शांतपणे ऐकणारी. हळूहळू आमच्या लक्षात यायला लागलं की ती चुकीच्या ठिकाणी हसते, कुणी हॉस्पिटलचं सांगत असताना “अरे वा” म्हणते. आम्हाला वाटलं घरचं टेन्शन असेल, तिची मुलगी परदेशी गेली होती नुकतीच. मग एके दिवशी फ्लायओव्हरखालच्या बागेत तिने सांगितलं, “मला तिथे काही ऐकूच येत नाही रे. मी नुसती मान हलवते.” कानाच्या तपासण्या झाल्या होत्या, मशीन लागणार होतं. नंतर मशीन लागलंही. पण ज्यांच्या घरात हे मशीन आहे त्यांना माहितीय, घरात ते छान चालतं आणि गर्दीच्या जागी फार त्रास देतं, कारण आपल्याला जे ऐकायचंय त्याच्याबरोबर भोवतीचं सगळंच मोठं होतं. पेल्यांचा खणखणाट तिला थेट मेंदूत टोचल्यासारखा वाटायचा. ज्या आवाजाच्या आडोशाला आम्ही इतकी वर्षं बसलो, त्यानेच तिला बाहेर काढलं.

मी पुरती हलले त्याने. आडोसा म्हणून ज्याचं कौतुक करतोय तो एकाच्या वाट्याला भिंत होऊन आलाय, आणि ती बिचारी कित्येक महिने आमचा बेत मोडू नये म्हणून मान हलवत बसली. आम्ही लगेच ठरवलं, यापुढे घरी. दोनदा भेटलो घरी. छान झालं, पोहे, गाणी, फोटो. मग आम्ही आडवारी दुपारी चारला कॅफे मद्रासला जाऊन बघितलं, तेव्हा रांग नसते, सहाजणांना जोडून टेबलं मिळाली, तिला ऐकू आलं. पण सुट्टी टाकून दुपारी चारला येणं कुणाला नेहमी जमणार, आणि खरं सांगायचं तर रविवारची ती मोकळीक त्या दुपारी नव्हती.

शेवटी मार्ग तिनेच काढला. मशीन देणाऱ्या बाईंना तिने खोदून खोदून विचारलं. तिच्या मशीनचे माइक गर्दीत पुढचा आवाज जास्त पकडतात आणि मागचा कमी करतात, तशी सेटिंग असते. म्हणजे गोंगाट पाठीमागे पाहिजे आणि बोलणारा समोर. आता आम्ही गेलो की ती भिंतीकडे तोंड करून बसते, हॉटेल सगळं तिच्या पाठीशी, आणि जो बोलणार तो तिच्या समोर, भिंतीला पाठ लावून. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, एका वेळी एकच जण, आणि बोलताना तोंडावर हात नाही, घास तोंडात असताना बोलायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड. सगळ्यांना एकत्र बसायला मिळत नाही तेव्हा बदलाबदली करतो, एक जण तिच्या समोर बसून खातो, सांगतो, उठतो आणि मग दुसरा. वेटरांना आधी कळेना हे लोक सारखे जागा का बदलतायत. आता त्यातला एक जण, मूळचा कुंदापूरकडचा, आम्ही दिसलो की भिंतीकडची जागा रिकामी होईपर्यंत आमच्या आधी मागच्यांना सोडतो आणि आम्हाला हाताने थांबवून ठेवतो. वहीवालाही काही बोलत नाही. जास्त वेळ थांबावं लागतं पण जागा बरोबर मिळते.

गेल्या महिन्यात “रविवारी माटुंगा?” हा मेसेज पहिल्यांदाच विरारवालीकडून आला. ती कधी टाकत नाही, तिला कधी काही सांगायचंच नसायचं, निदान आम्हाला तसं वाटायचं. सगळे आले. बदलापूरहून नायगावकर मेगाब्लॉक असताना बस बदलत आला. भिंतीकडची जागा मिळाली, ती भिंतीकडे तोंड करून बसली, मी समोर, माझ्या शेजारी चेंबूरवाली, आणि विरारवालीच्या शेजारी एक कॉलेजचा मुलगा मोबाइलवर काहीतरी बघत बिसी बेळे भात खात होता. बाकीचे तिघे तिच्या पाठीमागच्या टेबलावर, माना वळवून.

तिने सांगितलं. काय ते तिचं आहे. कानाची ताकद कमी झाली की बऱ्याचदा बोलणाऱ्याला स्वतःचा आवाजही कमी ऐकू येतो, त्यामुळे ती आता चांगलीच मोठ्याने बोलते, आणि त्या गोंगाटातही आजूबाजूच्या दोन टेबलांना तरी सगळं गेलं असणार. त्या मुलाने मोबाइल उलटा करून ठेवला आणि खाली मान घालून भात संपवला. तिला हळू बोल असं आमच्यातलं कुणी म्हटलं नाही, मागच्यांनीही नाही आणि पलीकडच्यांनीही नाही. मधे एकदा मी काहीतरी विचारलं तर ती म्हणाली, “तोंडातला घास गिळ आधी, मला ओठ दिसत नाहीत.” मग मी गिळला आणि परत विचारलं.

सगळं बोलून झाल्यावर तिने अननसाचा शिरा मागवला, सहाजणांत तीन प्लेट, आणि वर कॉफी. बाहेर रांग वाढली होती म्हणून आम्ही उठायला लागलो तर तिने हाताने बसवलं, म्हणाली कॉफी संपवून जाऊ. बिल तिनेच दिलं. डोंबिवलीकर खिशात हात घालत होता त्याला तिने असं काही झापलं की वहीवालासुद्धा दारातून आत बघायला लागला.